तीन जगांचं टिपण, प्रत सर्व संबंधितांना

चहा सांभाळून धरा, कारण मध्येच हसू येईल आणि तो माझ्या पायजम्यावर सांडेल. मला स्वतःला हसू येत नाही. एखादा नालायक माणूस फार तर एक घर बुडवतो. मी एका आयतवारी, चहा गार व्हायच्या आत, तीन जगं बुडवली. राजवाडे, समुद्र, वाळवंट, अकरा देव, सगळं! तेही टंकलिखित, कार्बनच्या प्रतींसह.

थांबा, क्रमाने सांगतो. छत्तीस वर्षं कारकुनी केली आहे, क्रम सुटला की मला धाप लागते.

मी पेडण्याचा. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि त्याच वर्षी बायको गेली. गोवा घटक राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. बाहेर रोज काहीतरी नवं उद्घाटन होत होतं आणि माझ्या घरात भिंतीवरचं घड्याळ तेवढं बोलत होतं, तेही अर्ध्या तासाने एकदा.

अशात एक दिवस माझी भाची नीता आली. म्हापशाला शाळेत शिकवते.

"मामा, तुजी बाल्कांवाची ओसरी आयतवारची मोकळीच असता मा? आमी बसूक येतलों."

"कशाला?"

"खेळूक."

"पत्ते ह्या घरात चालणार नाहीत."

"पत्ते न्हय रे मामा. तू बघ तरी!"

तिच्याबरोबर तिघं आले. डिचोलीच्या खाणीवर मोजणीचं काम करणारा रुपेश. चोपड्याचा आंतोन, जो नदीकाठी होड्या दुरुस्त करतो. आणि त्यांचा म्होरक्या मिनिन.

आता हा खेळ पेडण्याच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. दशावतारात लिहिलेलं नाटक कुठे असतं? पडद्यामागे ठरतं, तू राजा, तू राक्षस, आणि पुढचं उभ्या उभ्या तोंडाने रचायचं. इथेही तेच. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. नीता धनुर्धारी, तिचा भाऊ लहानपणी हरवलेला. रुपेश जादूगार. आंतोन चोर, पण मनाचा चांगला. मिनिन सूत्रधार, तो जग सांगायचा, बाकीचे त्यात हिंडायचे. लढाई झाली की निकाल फाशांवर. फासे तरी कसले? एकाला आठ बाजू, दुसऱ्याला वीस!

मोठा फरक एकच. आपलं पुराण कानावर पडतच आपण वाढतो. त्यांचं पुराण परदेशात छापून पुस्तकाच्या रूपाने विकत मिळतं. नकाशे, वंशावळी, देवांची यादी, सगळं बांधून. मिनिनचा भाऊ तारवावर नोकरीला होता. तो ती पुस्तकं परदेशच्या बंदरांतून आणायचा.

दोन वर्षं दर आयतवारी ही मंडळी माझ्याकडे आली. मी चहा करायचा, बशीत कांकणां, म्हणजे बांगडीसारखे कडक पाव, ठेवायची आणि कोपऱ्यातल्या कदेलावर, माझ्या जुन्या खुर्चीवर, बसून ऐकायचं. घरात माणसं हसायची, भांडायची, "मेलास तू!" म्हणून ओरडायची. सोमवारी सकाळपासून मी पुढच्या आयतवाराची वाट बघू लागायचो. ही तक्रार नव्हे. निव्वळ नोंद.

मग मिनिनलाही तारवावर नोकरी लागली. जाताना त्याने तीन पुस्तकं माझ्या मेजावर ठेवली.

"पात्रांव, आतां सूत्रधार तुमी. हीं पुस्तकां वाचात. ह्याच जगांत फुडें वचप काय दुसऱ्या, तें तुमीच थारायात."

काय सांगू तुम्हाला, छाती फुगली! छत्तीस वर्षांत मला कुणी काही ठरवायला सांगितलं नव्हतं. कारकून कागद पुढे ठेवतो, ठरवतो साहेब. आणि इथे एकदम तीन जगांचा निर्णय माझ्याकडे.

तीन आठवडे वाचलं. तांबडी-निळी पेन्सिल घेऊन वाचलं. मला वाटतं, ती पुस्तकं लिहिणाऱ्यांनीही ती इतकी वाचली नसतील.

पहिलं पुस्तक जाडं. खेळ चालू होता तो ह्याच जगात. त्याचा गुण असा की त्यात सगळं आहे. कुठल्याही गावात शिरा, खानावळवाल्याचं नाव, त्याच्या बायकोचं माहेर, मांजराचा रंग, सगळं तयार. सूत्रधार कधी अडायचा नाही. आणि दोषही तोच! जग इतकं भरलेलं की नव्या माणसाला पाय टेकायला जागा नाही. पुस्तकातले वीर आधीच एवढे थोर की राक्षस आला तर तेच मारणार. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, घरच्या लग्नात आपण पंगतीत भात वाढत फिरतो ना, तशी आपल्या सोंगांची गत. त्यात त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, आणि पहिल्या आवृत्तीतलं एक अख्खं शहर तिच्यात जळून गेलेलं! म्हणजे तुम्ही इथे जिवाचं रान करून शहर वाचवा, ते तिकडे छापखान्यात जळतं.

दुसरं पुस्तक सुकं. सगळं जग वाळवंट. गुण, पुस्तकाला पहिल्या पानापासून शेवटापर्यंत एकच चव. दोष, एकच चव. तिसऱ्या प्रकरणात मला उठून दोन तांबे पाणी प्यावं लागलं. वर्षातले चार महिने छत्री न मिटणाऱ्या गावच्या माणसाने हे जग चालवायचं कसं?

तिसरं बारकं. अर्धा नकाशा कोरा, आणि पानोपानी एकच मजकूर, इथे तुम्हाला हवं ते घाला. गुण, मोकळीक. दोष, मग पुस्तक कशाला घेतलं?

एक खोड मात्र तिन्हींत सारखी. डोंगरातला बुटका, रानातला लांब कानाचा, समुद्रातला खवल्यांचा, सगळे एकच सामायिक बोली बोलतात! राजभाषेवरून एक मोर्चा नाही, वर्तमानपत्राला एक संतप्त पत्र नाही. आमच्याकडे एकाच घरात देवापुढे मराठी, चुलीपुढे कोंकणी आणि भांडण दोन्हींत. मी शेरा मारला, "जग काल्पनिक असल्याचा हा सबळ पुरावा." आणि अकरा देव आहेत, पण जत्रा एकाचीही नाही. मग त्या देवांनी वर्षभर करायचं काय?

इथपर्यंत सगळं ठीक होतं. खरंच सांगतो, इथे थांबलो असतो तर आज तुमच्यापुढे ताठ बसलो असतो.

पण प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या भागावर ठळक छापलं होतं, हा भाग फक्त सूत्रधाराने वाचावा. आता मला सांगा, गोपनीय हा शिक्का मी छत्तीस वर्षं मारला. तो ज्या कागदावर बसतो तो कागद शिपायापासून पाव घेऊन येणाऱ्या पोदेरापर्यंत सगळ्यांनी सर्वांत आधी वाचलेला असतो. त्या शिक्क्याला मी भिणार? शिवाय दशावतारात राक्षस शेवटी मरणार हे पहिल्या रांगेतल्या माणसाला ठाऊक असतं, तसं शेवटच्या रांगेत पेंगणाऱ्यालाही. म्हणून कुणी उठून जातं का? गोष्ट आधी माहीत असणं हा काय गुन्हा आहे?

तेव्हा तिन्ही जगांच्या गुणदोषांचं टिपण करायला बसलो, त्यात मागचा भागही घेतला. संपूर्ण. मिनिनने पेन्सिलीने पानांच्या कडेला काही लिहिलं होतं, तेही घेतलं. समासातला शेरा गाळायचा नाही, हे कारकुनाच्या हाडात असतं. बावीस पानं झाली. जुन्या टाइपरायटरवर कार्बन घालून प्रती काढल्या आणि शेवटी सवयीने टाइप केलं, प्रत सर्व संबंधितांना माहितीसाठी.

आयतवारी तिघं आली. चहा दिला, कांकणां ठेवली आणि एकेकाच्या हातात एकेक प्रत.

"हें कितें, पात्रांव?" आंतोनने विचारलं.

"टिपण. सावकाश वाचा."

वाचू लागली. बोलणं बंद. पानं उलटल्याचा तेवढा आवाज. मी मनात म्हटलं, वा! माझं टिपण पहिल्या पानापलीकडे वाचणारा साहेब मला उभ्या नोकरीत भेटला नाही, आणि ही पोरं बघा. नीताने चहात बुडवलेलं कांकण मऊ होऊन तुटलं आणि कपात गेलं, तरी तिचं लक्ष नाही.

"मामा."

"बोल."

"पान सात. 'राजा सात वर्षांपूर्वीच मयत असून त्याचे कातडे पांघरून एक राक्षस राज्य करीत आहे. प्रजेस कल्पना नाही. सबब कारभार अनियमित.' ह्या खंयचा?"

"मागच्या भागातलं. परिच्छेद बेचाळीस."

रुपेश अगदी हळू बोलला. "काका, तो राजा आमचा दोस्त आहे. त्याच्या शब्दावर दोन वर्षं आम्ही त्याच्या मुलीला शोधतोय."

"ती त्यानेच खाल्ली," मी म्हटलं. "पान आठ."

आंतोन मराठी सावकाश वाचतो. तो अजून दुसऱ्या पानावर होता. त्याने प्रत मेजावर पालथी घातली आणि दोन्ही कानांत बोटं घातली. "हांव कांयच वाचूंक ना! कांयच आयकूंक ना!"

नीता पुढचं पान वाचत होती. तिचा आवाज बदलला.

"'समासातील शेरा, पेन्सिलीने. नीताचा भाऊ जिवंत आहे. मुखवटेवाल्या चोरांचा नायक तोच.' मामा! दोन वर्षां मी तेका शोधतंय! दोन वर्षां!"

"मग सापडला की!" मी म्हणालो.

खरंच म्हणालो हो. आनंदाने म्हणालो.

ती उठली. तिच्या मागोमाग दोघंही उठले. बशीतली कांकणां तशीच राहिली.

इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. मी आठवडाभर बसून शुद्धिपत्रक तयार केलं. पान सात, ओळ तीन, 'राक्षस' ऐवजी 'राक्षस नाही' असे वाचावे. पान आठ, 'खाल्ली' हा शब्द वगळावा. पान नऊ, 'भाऊ' ऐवजी 'कोणी एक इसम' असे वाचावे. आयतवारापूर्वी सगळ्यांची मनं साफ व्हावीत म्हणून तिघांना टपालाने धाडलं.

आयतवारी तिघं आली, पण आंतोन दारातच थांबला. पायरी चढेना.

"पात्रांव, राजा राक्षस?"

"कुणी सांगितलं तुला?"

"तुमीच. टपालान."

टिपणाची प्रत बिचाऱ्याने ट्रंकेत कुलूप लावून ठेवली होती. शुद्धिपत्रक मात्र निरोप असेल म्हणून उघडलं. सगळी रहस्यं एकाच पानावर, पान आणि ओळ क्रमांकासह!

"बरं, ते जग गेलं," मी घाईघाईने म्हटलं. "दुसरं घेऊ. वाळवंटाचं."

"वाळवंटाखाली समुद्र आहे," रुपेश थंडपणे म्हणाला. "पान पंधरा."

"मग तिसरं. त्यात तर अर्धा नकाशा कोरा आहे."

"त्या पुस्तकात एकच रहस्य होतं, काका. ते तुम्ही विषयाच्या ओळीत घातलंत. विषय, समुद्रदेव मृत असल्याबाबत."

नीताने आपलं शुद्धिपत्रक माझ्या हातात ठेवलं आणि ती फाटकाकडे वळली. 

पुढचे चार आयतवार कुणी आलं नाही. पहिल्या आयतवारी मी चहा चौघांचा टाकला आणि चार कप ओळीने एकट्याने प्यालो. दुसऱ्या आयतवारी डब्यातली कांकणां सादळली. तिसऱ्या आयतवारी मिनिनला पत्र लिहायला बसलो. 'विषय' एवढं लिहिलं आणि हात थांबला. चौथ्या आयतवारी पाव टाकायला आलेल्या पोदेराला मी विचारलं, "क्षणभर बसतोस का रे?" त्याने सायकल उभी न करताच माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे आता कुणी येत नाही हे त्याने ओळखलं, म्हणून मी आत गेलो.

पाचव्या आयतवारी फाटक वाजलं. नीता होती.

"मामा, सदरो घाल. चोपड्याक जावचा असा."

"कशाला?"

"आंतोनान नवा जग केल्यान. छापलेला काय नाय. सगळा तेच्या डोक्यात. तुका पण खेळूक घेतलंव."

तुम्हाला सांगतो, सदऱ्याची बटणं मला दोनदा लावावी लागली.

आंतोनच्या अंगणात जाळी वाळत घातली होती. सावलीत मेज मांडलं होतं, आणि ह्या खेपेस माझं कदेल कोपऱ्यात नव्हतं, मेजापाशी होतं. माझ्यासाठी एक सोंगही तयार होतं, कागदावर लिहून. मी वाचलं. किल्ल्यावरचा पहारेकरी. उंचापुरा, इमानी, अंगात चार माणसांचं बळ.  आजवर मला एवढं उंच कुणीच मानलं नव्हतं.

"नाव काय ह्याचं?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी रुपेश म्हणाला, "नाव कुणालाच ठाऊक नाही, काका."

"का बरं?"

"तो मुका आहे. जन्मापासून."

मी कागद परत वाचला. मुका. बरं, मुका तर मुका. मेजापाशी बसायला मिळालं, हे थोडं आहे? मी मान डोलावली. फासे हातात घेतले. आंतोनने जग सांगायला सुरुवात केली, आणि मला आपलं खात्री करून घ्यावीशी वाटली. सवय, दुसरं काय?

"एकच विचारतो," मी म्हटलं. "ह्या पहारेकऱ्याला लिहिता तरी येतं ना?"

तिघंही खुर्च्यांवरून उठली आणि एका सुरात ओरडली, "नाही!"