आईचा फोटो आपोआप बदलला

मानपाड्याच्या ज्या प्रेसमध्ये मी काम करते, तिथे अर्ध्या डोंबिवलीच्या आया माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. वर्षश्राद्धाला स्तोत्रांची छोटी पुस्तिका वाटतात ना, मागच्या पानावर गेलेल्या माणसाचा फोटो असलेली, त्या सगळ्या आमच्याकडे छापतात. आणि फोटो पाठवताना फाइलला आईचं नाव कोण देतं? सगळे नुसतं ‘आई’ लिहितात. मीही तेच लिहिलं.

आमच्याकडे पान लावताना फोटो छोटा टाकतात, म्हणजे कॉम्प्युटर अडकत नाही. छपाईआधी तपासणीचं सॉफ्टवेअर त्याच नावाचा मोठा फोटो शोधतं आणि छोट्याच्या जागी बसवतं. कुठे शोधायचं, हे आपण ठरवायचं. मी ठरवलेलं: फक्त त्या कामाच्या फोल्डरमध्ये शोध, आणि नाही सापडला तर थांबून विचार. बाहेर पाऊल टाकायचं नाही. प्रेसच्या शेठला याचा भारी वैताग. “मॅडम, तुमचं मशीन छापतं कमी आणि प्रश्न जास्त विचारतं!”

आई जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा तिची पुस्तिका मीच लावली. फोटो तिनेच निवडून ठेवलेला. आजारपणात मला म्हणालेली, “नाकात नळी घातलेला लावलात ना, तर बघा! तो हसतानाचा लाव गं.” तरुणपणीचा, नऊवारीतला, पुढच्या दोन दातांमधली फट दाखवत खळखळून हसणारा. मी हो म्हटलेलं. तिने माझ्याकडे मागितलेली ती शेवटची गोष्ट.

स्वयंपाकाच्या तयारीसाठी मी रजेवर होते. नेमकी तेव्हाच शेठने सेटिंग बदलली. आख्खी डिस्क शोध, सब-फोल्डरसकट, पहिला सापडेल तो घे, विचारू नकोस. काम फटाफट झालं. गठ्ठा थेट वर्तकनगरला भावाच्या घरी गेला. आई त्याच्याकडेच राहायची. त्यानेच तो सोडला, त्यानेच दारात उभं राहून वाटला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मी तिथे पुऱ्या तळत होते. शेजारच्या काकू पुस्तिका घेऊन आत आल्या. “किती शांत दिसतायत गं तुझ्या आई!”

शांत? माझी आई? खालच्या भाजीवाल्याशी तिसऱ्या मजल्यावरून भांडणारी बाई ती! मी हात पुसून पान उलटलं. नऊवारी होती, कुंकू होतं, गळ्यात ठुशी होती. ओठ घट्ट मिटलेले. कोण बाई कोण जाणे. आईला तरुणपणी पाहिलेली माणसं आता कोणी उरलेली नाहीत. बाहेर भावाची सासुरवाडी आणि बिल्डिंगमधले लोक पुस्तिका कपाळाला लावत होते.

भावाला आत बोलावून दाखवलं. त्याने पुस्तिका लांब धरली, जवळ धरली.

“आईच आहे की. तरुणपणीची.”

“अरे, ही आपली आई नाहीये!”

“ताई, हळू बोल. बाहेर माणसं आहेत.”

शेठला दुसऱ्या दिवशी झाप झाप झापलं. तो हात जोडून म्हणाला, परत छापून देतो. निदान चूक तरी मान्य केली त्याने. भाऊ म्हणाला, आता परत कशाला, वाटून झाल्या. मी सेटिंग पहिल्यासारखी केली. यंत्राला एकदा सांगितलं की ते ऐकतं.

मग गेल्या महिन्यात भावाकडे गेले तर हॉलमध्ये ती बाई! पुस्तिकेवरून मोठी करून, फ्रेम करून, चंदनाचा हार घालून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अगं, फ्रेमवाल्याकडे तीच पुस्तिका दिली मी,” तो म्हणाला. “छान आलाय की. आणि कोणाला कळणार आहे?”

“तुला. तुला कळायला नको? जन्म काढलास तिच्या हातचं खात!”

तो टीव्हीचा आवाज कमी-जास्त करत बसला. मी खुर्चीवर चढले आणि फ्रेम उतरवून काखेत घेतली. ती कोणाची तरी आई होती बिचारी. तिला न ओळखणाऱ्यांच्या घरात कशाला ठेवायची? खरा फोटो माझ्या पर्समध्ये होता. त्याने मागितला असता तर तिथल्या तिथे दिला असता. मागेल म्हणून दारात चपला घालायला मी उगाच वेळ लावला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. माझा जीव भांड्यात पडला, खरं सांगते.

“ताई, फोटो आणून दे ना. भिंत अगदी ओकीबोकी दिसतेय.”

“कुठला फोटो?” मी विचारलं.

“तोच गं. तू नेलास तो.”