बोअरचा पाईप आणि नडगीचं हाड

अश्विनीने पिशवीतून हातभर लांबीचा निळा पाईप काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. बोअरच्या केसिंगचा. वरून सायकलची जुनी ट्यूब गच्च गुंडाळलेली.

"रोज सकाळ-संध्याकाळ करायलेय मॅडम. तरी नडगी दुखायची थांबत न्हाई."

मी लातुरात पंचवीस वर्षं फिजिओथेरपी करते. पाईप पाहून मला कौतुकच वाटलं. दुकानातला फोम रोलर म्हणजे तरी दुसरं काय? फोमची जाड नळी. जमिनीवर ठेवायची, तिच्यावर पोटरी किंवा मांडी टेकवायची आणि हातांवर भार घेऊन सावकाश पुढे-मागे सरकायचं. पळून आखडलेले स्नायू सैल होतात, पाय हलका वाटतो. आपल्याच वजनाने आपलीच मालिश. अश्विनीच्या वडिलांनी तेच शेतात उरलेल्या पाईपातून बनवलं होतं. ते रेणापूरहून तिच्यासोबत आले होते आणि मी पाईपाबद्दल काय बोलते याची वाट बघत बसले होते.

"कसं करतेस, दाखव बरं," मी म्हणाले.

तिने पाईप फरशीवर ठेवला, पालथी होऊन नडगी त्याच्यावर टेकवली आणि सगळं अंग टाकलं. डोळ्यांत पाणी आलं तरी हलेना. ओठांत आकडे मोजत होती.

"अगं, काय करायलीस? ऊठ आधी!"

"तीस झाले न्हाईत अजून."

"कुणी सांगितलं हे तुला?"

तिने आधी वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमीच की मॅडम."

खरं होतं. तीन महिन्यांपूर्वी तिच्या भरती अकादमीच्या मैदानावर मी तासभर बोलले होते. पोलीस भरतीची तयारी करणारी तीसेक मुलं-मुली समोर बसली होती. "जिथं जास्त दुखेल तिथं तीस सेकंद दाबून धरा," असं मी झोकात सांगितलं होतं. बोलत होते पोटरीबद्दल. हाडावर करू नका, हे सांगायचं सुचलंच नाही. हाडावर कोण करतंय, असं मी धरून चालले होते. मला मनापासून लाज वाटली.

अश्विनीला टेबलावर बसवून मी तिच्या नडगीच्या आतल्या कडेने बोट फिरवलं. पळणाऱ्यांची नडगी साधारण दोन तऱ्हांनी दुखते. वीतभर लांबीत सगळीकडे ठसठस असेल तर बहुतेक वेळा पळणं कमी करून, बूट बदलून भागतं. पण बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी कळ येत असेल तर हाड तपासावं लागतं. एका जागी माझं बोट टेकलं आणि तिने माझं मनगटच धरलं.

"पडून राहिल्यावरही दुखतं?"

"हाव. म्हणून तर जास्त येळ दाबून धरायलेय."

एक्स-रे चांगला आला. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. त्यात हाड आतून सुजलेलं दिसलं, चीर मात्र पडलेली नव्हती. याला स्ट्रेस रिअॅक्शन म्हणतात. रोजच्या पळण्याचा मार हाडाला सोसेनासा झाला की असं होतं. तसंच पळत राहिलं तर पुढे चीर पडते. दुखणं पाईपाने आणलं नव्हतं. पण इलाज चालू आहे या भरवशावर ती पळत राहिली, आणि तो भरवसा माझा होता.

"महिनाभर पळायचं नाही," मी म्हणाले.

वडील खुर्चीतून उठलेच. "मॅडम, मैदानी चाचणीला दोनच महिने राहिलेत. तिचं वय संपायलंय. ही शेवटची भरती हाय."

"महिना थांबली तर एक महिना हातात राहतो. हाड मोडलं तर काहीच राहत नाही."

अश्विनी रडली नाही. "मग तवर मी काय करू?" एवढंच तिने विचारलं. मला ती पोरगी तिथेच आवडली.

"सायकल. पोटा-कंबरेचा व्यायाम. आणि गोळाफेक. त्याचेही मार्क असतात ना?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मैदानावर गेले. पळणं आटोपून मुलं ओळीने बसली होती. प्रत्येकासमोर तसाच निळा पाईप! अश्विनीच्या वडिलांनी हौसेने सगळ्यांनाच कापून दिले होते. निम्म्यांच्या नडग्या पाईपावर होत्या आणि सगळे एका सुरात तीसपर्यंत मोजत होते. समोरच्या भिंतीवर पेंटरने ठळक लिहिलेलं: "जिथं जास्त दुखेल तिथं तीस सेकंद दाबून धरा." खाली माझं नाव, डिग्रीसकट. 

"बगा मॅडम, कशी शिस्त हाय!" अकादमीचे सर म्हणाले. माजी फौजी, आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा.

"सर, हे थांबवा. सांगण्यात माझीच चूक झाली."

"पळणाऱ्याची नडगी दुखणारच की. आमी फौजेत दुखऱ्या नडगीनंच वर्षं काढली."

"तुमची निभावली. अश्विनीला आता पळवलंत तर चाचणीला ती कुबड्या घेऊन येईल."

 त्यांनी शिट्टी वाजवली आणि मोजणी थांबली.

मी मुलांसमोर उभी राहिले आणि चूक कबूल केली. पाईप असो की रोलर, तो पोटरी-मांडीसारख्या मांसल भागावरच फिरवायचा. हाडावर कधीच नाही. दाब इतकाच ठेवायचा की बाजूच्याशी गप्पा मारता याव्यात. पोटरीला घरचं लाटणंही चालतं, तळपायाखाली टेनिसचा चेंडू. आणि नडगी दुखत असेल तर आधी एका बोटाने चाचपून बघायची, एकाच जागी कळ आली तर पळणं थांबवून मला सांगायचं. सगळ्यांनी चाचपली. दोघं जण पुढे आले, त्यांना दवाखान्यात धाडलं.

अश्विनी महिनाभर एसटीने येऊन माझ्या क्लिनिकमधली सायकल दामटत राहिली. घरी वडील गोळा उचलून आणून द्यायचे, ही फेकायची. महिन्याअखेरीस दुखरी जागा शोधूनही सापडेना. एका पायावर उड्या मारायला लावल्या, कळ आली नाही. मग आधी चालणं, मग हळू पळणं, मग मैदान.

चाचणीत पळण्याचे तिचे थोडे मार्क गेले. गोळ्यात पैकीच्या पैकी मिळाले. अंतिम यादीत नाव लागलं तेव्हा वडिलांचा फोन आला. "मॅडम, लागलं!" एवढंच बोलून त्यांनी फोन अश्विनीकडे दिला. 

पेशंट सांगितलेलं ऐकत नाहीत, ही आम्हा लोकांची नेहमीची तक्रार. मी आता ती करत नाही. अश्विनीने माझा शब्दन् शब्द ऐकला होता.

परवा मैदानावर गेले होते. सरांनी नवी ओळ लिहून घेतली आहे: "हाडावर पाईप नको. आधी बोट लावून बघा." जुनी ओळ पुसलेली नाही, तिच्यावर फक्त लाल काट मारली आहे. काट मारलेल्या ओळीखाली माझं नाव डिग्रीसकट तसंच आहे. सर म्हणाले, पेंटरला बोलावून पुसून घेतो. मी म्हणाले, राहू द्या.