दहावी आणि अकरावी ओळ

मी तोंडाची फटकळ आहे, बिबवेवाडीत कुणालाही विचारा. फॉल-पिको आणि ब्लाउजचं दुकान आहे माझं. गिऱ्हाईक 'झालं का?' म्हणून तिसऱ्यांदा डोकावलं की मी सांगते, 'झालं असतं, पण तुम्हाला उत्तरं देण्यात वेळ गेला.' बायका रागावतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येतात. जे मनात ते तोंडात, अशी माझी ख्याती. तरीसुद्धा गेल्या नोव्हेंबरात एक साधं, खरं वाक्य मला बोलता आलं नाही. त्यापायी नसीमबाई आणि त्यांची मुलगी अर्शिया, या दोघींचं जे नुकसान झालं ते आता मला भरून देता येत नाही.

नसीमबानू हे त्यांचं नाव, पण आमच्यासाठी त्या बाई. माझ्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे, पुढच्या खोलीत चार मशिनी मांडून त्यांनी तीस वर्षं शिवणक्लास चालवला. मी एकोणिसाव्या वर्षी तिथे गेले ते लग्न ठरेपर्यंत वेळ जावा म्हणून. वेळ गेला आणि धंदा हाती आला. आता बाई सत्तरीच्या आहेत. उंच, किडकिडीत, आवाज कधी न चढवणाऱ्या. घरात हिंदी, आमच्याशी मराठी, आणि दोन्हीत बोलणं बेताचंच.

सलवार, ब्लाउज सगळ्याच शिकवतात. बाईंचं खरं काम म्हणजे स्मॉकिंगचे फ्रॉक. कापडाच्या उलट्या बाजूला पेन्सिलीने ओळीत टिंबं काढायची, एकेक टिंब सुईने उचलत कच्चे धागे घालायचे, आणि ते ओढले की कापडाला बारीक चुण्या पडतात. मग सुलट्या बाजूने दोन-दोन चुण्या रंगीत टाक्याने बांधत एकेक ओळ भरायची. शेवटी कच्चे धागे काढून टाकले की फ्रॉकची छाती ओढली तर ताणते, सोडली की जागेवर येते. एका फ्रॉकला दोन-तीन महिने जातात. हल्ली आतून इलॅस्टिक मारतात आणि त्याला स्मॉकिंग म्हणतात. म्हणोत बापडे.

आम्ही काम दाखवायला नेलं की बाई ते आधी उलटं करायच्या. 'सुलटी बाजू लोकांना दाखवा, मला उलटी,' असं म्हणायच्या. एक टाका जरी तिरका दिसला, तरी मशिनीच्या खणातलं अर्धं ब्लेड काढून ओळच्या ओळ उसवायच्या आणि कापड परत हातात द्यायच्या. ओरडणं नाही, टोमणा नाही. 'पुन्हा कर,' एवढंच. रडत घरी गेलेल्या मुलींत मीही दोनदा होते. पण त्या क्लासातून निघालेल्या मुली आज आपापल्या पायांवर उभ्या आहेत, हेही खरं.

अर्शिया तेव्हा नऊ वर्षांची होती. ईदच्या आधी तिने आईसाठी एक छोटी पिशवी शिवली, वर तीन ओळी स्मॉकिंगच्या. कुणाला न सांगता, आमचं बघून बघून शिकलेली. भर क्लासात आम्हा आठ जणींसमोर तिने ती आईच्या हातात दिली. बाईंनी सवयीने पिशवी उलटी केली. मग ब्लेड काढलं. तिन्ही ओळी उसवून, कापडावर हात फिरवून त्यांनी ते पोरीला परत दिलं आणि म्हणाल्या, 'आता नीट कर.' आम्ही हसलो. मी तर म्हणाले, 'चला, बाईंची मुलगीपण नापास.' अर्शियाने कापड मशिनीवर ठेवलं आणि ती आत गेली. त्यानंतर तिने सुई हातात घेतली नाही. शाळेच्या गणवेशाचं बटण तुटलं तर ते भाऊ अझीम लावून द्यायचा. आज ती वाघोलीच्या एका कॉलेजात इंजिनियरिंग शिकवते, आणि तिच्या घरात सुईदोऱ्याचा डबा नाही.

बाई या विषयावर कधी काही बोलल्या नाहीत. मी समजत होते की त्या विसरल्या.

त्यांच्या घरात एक रीत आहे. मूल चार वर्षं, चार महिने आणि चार दिवसांचं झालं की त्याला पहिलं अक्षर वाचायला बसवतात, त्याला बिस्मिल्ला म्हणतात. अझीमच्या दोन्ही मुलींनी त्या दिवशी बाईंच्या हातचा पांढरा, स्मॉकिंगचा फ्रॉक घातला होता. ते फ्रॉक मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवलेत, पुढे त्यांच्या मुलींना घालायला. अर्शियाला लग्नानंतर सहा वर्षांनी महेक झाली. बाईंची ही शेवटची नात. तिच्यासाठी बाईंनी दीड वर्ष आधीच फ्रॉक करायला घेतला, कारण त्यांचे डोळे चालले होते. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला, असं डॉक्टर म्हणाले. कडेचं दिसतं, समोरचं नाही. माणसाशी बोलायचं तर त्या मान वळवून दुसरीकडे बघतात. चौदा ओळींचा फ्रॉक, त्यातल्या नऊ ओळी त्यांनी भरल्या, आणि सुई खाली ठेवली.

'ललिता, उरलेल्या पाच तू कर,' त्या मला म्हणाल्या. 'बोटांनी तपासता येतं मला.' मी फ्रॉक दुकानात आणला.

दुसऱ्या शनिवारी अर्शिया स्कूटरवरून वाघोलीहून थेट माझ्या दुकानात आली. मला वाटलं काही दुरुस्तीचं काम आहे. ती स्टुलावर बसली, हेल्मेट मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, 'ताई, यातल्या दोन ओळी मला करायच्यात. शिकवाल?'

मी चालती मशीन थांबवली. माझ्या बाबतीत हे क्वचितच होतं.

'अम्मीला सांगायचं नाही,' ती म्हणाली. 'तिच्या बोटांना खटकलं नाही, तर त्या दिवशी मी स्वतः सांगेन तिला.'

'आणि खटकलं तर?'

'तर तिला काय करायचं ते करू दे. पण माझं नाव नको. एकदा झालं तेवढं पुरे.'

पाच शनिवार ती आली. पहिले तीन रद्दी कापडावर गेले. अडतीस वर्षांची, साठ मुलांच्या वर्गाला दरडावणारी अर्शिया माझ्यासमोर जीभ दातांत धरून टाके घालायची. सुई नेहमी डावीकडे झुकायची. मी सांगायचे, ती सरळ करायची, चार टाक्यांनी पुन्हा झुकायची. चौथ्या-पाचव्या शनिवारी तिने फ्रॉकची दहावी आणि अकरावी ओळ भरली. वाईट नव्हत्या हो. लांबून कुणाला कळलं नसतं. पण बाईंच्या नऊ ओळींखाली त्या मला दिसायच्या. खरं सांगायचं तर खुपायच्या. राहिलेल्या तीन मी केल्या, आणि समारंभाच्या तीन दिवस आधी फ्रॉक घेऊन बाईंकडे गेले.

बाईंनी तो मांडीवर उलटा पसरला आणि तर्जनी फिरवत खाली येऊ लागल्या. दहाव्या ओळीवर बोट थांबलं. मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. अकराव्या ओळीवर उतरलं, आणि तिथून परत दहाव्या ओळीवर चढलं.

'हे कुणाचं काम?' त्यांनी विचारलं. आवाज नेहमीपेक्षा हळू होता. मी तो राग समजले.

'माझंच, बाई.'

'तुझं?'

'हो. गिऱ्हाइकांच्या गडबडीत झालं.'

त्यांनी दहाव्या ओळीवरून आणखी एकदा बोट फिरवलं. मग फ्रॉक माझ्याकडे सरकवला. 'उसव.'

मी अर्शियाला शब्द दिला होता, हे खरं. नाव सांगितलं आणि तरीही बाईंनी उसवायला लावलं तर काय, ही भीतीही खरी. पण तेवढंच असतं तर आज मला झोप आली असती. त्याहून मोठी गोष्ट ही, की बाईंनी 'तुझं?' असं विचारलं तेव्हा मला लाज वाटली. क्लास सुटल्यापासून इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या कामाला नाव ठेवलं नव्हतं, आणि आता दुसऱ्याच्या तिरक्या टाक्यांपायी ते ठेवून घेत होते. कधी एकदा ते टाके काढते आणि माझा हात दाखवते, असं झालं होतं मला. अर्शियाला शिकवताना कौतुक वाटलं होतं ते सगळं त्या क्षणी कुठे गेलं कोण जाणे. मी ब्लेड घेतलं. उसवायला दहा मिनिटं लागली, पुन्हा भरायला सगळी दुपार. बाईंनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, 'आता एकसारखं लागतंय.' दोऱ्याचे तुकडे मी केरात टाकले.

बिस्मिल्लाच्या दिवशी, रविवारी, मलाही बोलावणं होतं. आतल्या खोलीत अर्शिया महेकला तयार करत होती. फ्रॉक डोक्यावरून घालायच्या आधी तिने तो उलटा केला. आईची सवय नकळत लागलेली. तिच्या ओळींच्या सुरुवातीला एक जाडसर गाठ होती, ती तिला माहीत होती. तिने तिथे अंगठा ठेवला. गाठ नव्हती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मी पडद्याकडे पाहिलं.

पलंगावरून बाई म्हणाल्या, 'ललितानं दोन ओळी बिघडवल्या होत्या. मी उसवायला लावल्या.'

'बरं केलंस, अम्मी,' अर्शिया म्हणाली, आणि महेकच्या पाठीची बटणं लावू लागली.

ती रागावली नाही. मला लाडू आणून दिला, रिक्षा मिळेल का विचारलं. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

दोन दिवस मी कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी बाईंकडे गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. त्या मान वळवून खिडकीकडे बघत ऐकत होत्या.

'मला वाटलंच होतं,' त्या म्हणाल्या. 'लहानपणी त्या पिशवीवरही तिची सुई डावीकडे झुकली होती. बोट लागलं आणि वाटलं, ही अर्शिया. म्हणून तर विचारलं तुला.'

मी त्यांच्या पायाशी जाऊन बसले.

'तू म्हणालीस, माझं. म्हटलं, म्हातारपणी मनाला हवं ते बोटांना लागायला लागलं.' त्यांनी ओढणीने डोळे पुसले. 'ती पिशवी उसवली, त्याला किती वर्षं झाली ते मला ठाऊक आहे. एकही ईद तिची आठवण काढल्याशिवाय गेली नाही. तिचं म्हणाली असतीस ललिता, तर मी हात लावू दिला नसता कुणाला.'

मी रडले. त्यांनी मला समजावलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मग मला अर्शियाचा नंबर लावायला सांगितला आणि माझ्यासमोर तिला सांगितलं: तुझ्या ओळी मी ओळखल्या होत्या, मला त्या ठेवायच्या होत्या, ललिता बोलली नाही म्हणून गेल्या. पलीकडून अर्शिया म्हणाली, 'बरं अम्मी. असू दे आता. जेवलीस का?' फोन दोन मिनिटांत संपला.

शनिवारी ती दुकानात आली, तिने सराव केलेल्या त्या रद्दी कापडाचा तुकडा मागायला. मी पुन्हा सांगितलं, तपशिलासकट: बोट कसं थांबलं, आवाज कसा उतरला, त्यांनी काय विचारलं. ती ऐकत होती आणि हसत होती, चांगलं हसत होती.

'ताई, तुम्ही दोघींनी मिळून ठरवलंत ना हे?' ती म्हणाली. 'मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही अम्मीला सांगितलंत की ओळी तुमच्या. आता मला वाईट वाटू नये म्हणून हे सांगताय.'

'शप्पथ, अर्शिया.'

'अहो, कशाला शपथ घेता.' तिने माझ्या हातावर हात ठेवला. 'अम्मी जन्मात कधी खोटं बोलली नाही. पहिल्यांदा बोलली, तेही माझ्यासाठी. तेवढं खूप झालं मला.'

तुकडा पर्समध्ये ठेवून ती वाघोलीला गेली. बाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्या खोटं बोलतच नाहीत. पण तिथे त्या दिवशी त्यांच्याबरोबर बसलेली एकटी मीच होते, आणि माझ्या शब्दावर अर्शियाने आता का म्हणून विश्वास ठेवावा.