यासीनच्या जागेवरची वाळू

भुताखेतांच्या गोष्टींवर हसणारा माणूस मी. आमच्या प्लँटमध्ये एखादं मीटर उगाच फडफडलं तर लोक म्हणतात 'कुणाची तरी नजर लागली', आणि मी वायरिंग उघडून लूज कनेक्शन दाखवतो. पंचवीस वर्षं हाच धंदा केला. त्यामुळे इथे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण एका गोष्टीचं लूज कनेक्शन मला अजून सापडलेलं नाही — आणि तिच्यात माझी एक चूक अडकलेली आहे, ती कुठेतरी कबूल करायची आहे.

मी मूळचा नाशिकचा, इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. सौदीत जुबैलला एका पेट्रोकेमिकल कंपनीत होतो, अजूनही आहे. तिथे करमणूक ती काय... मॉल, कंपाऊंड, परत मॉल. थंडी सुरू झाली की आम्ही चौघे-पाच जण मिळून शनिवारी मासेमारीची बोट भाड्याने घ्यायचो. पहाटे कोस्ट गार्डच्या खिडकीवर इकामे, म्हणजे तिथले राहण्याचे परवाने, दाखवायचे, नावं लिहायची आणि निघायचं, दुपारपर्यंत परत. गळ, आमिष, बर्फ सगळं बोटीवर. आणि मासा कुठे आहे हे सांगायला दाऊदभाई.

दाऊदभाई रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातले. साठीला आलेले, बारीक अंगाचे, डोक्याला कायम गमछा. अठ्ठावीस वर्षं त्या पाण्यात काढलेली. आम्ही मारे फिश फाइंडरच्या गप्पा मारायचो आणि ते आमिष लावता लावता ऐकून घ्यायचे. मग किनाऱ्याकडे बघत सुकाणू फिरवायचे. कारखान्याच्या अमुक दोन चिमण्या एकामागे एक लपल्या, पाण्याची टाकी मशिदीच्या मिनाराला टेकली, की इंजिन बंद. हमूर, म्हणजे आपला हेकरू, तिथेच लागायचा. माझ्याशी ते मराठीत बोलायचे म्हणून आमचं जास्त जमलं.

त्यांची एक पद्धत होती. शिशाच्या वजनाला बुडाशी खोलगट खड्डा असायचा, त्यात ओला साबण भरायचे आणि दोरीने ते तळापर्यंत सोडायचे. वर काढलं की साबणाला तळ चिकटून यायचा — वाळू, शिंपल्यांचा चुरा, चिखल. बोटाने चोळून बघायचे, कधी जिभेला लावायचे.

"सायब, तळ बगल्याबिगर नांगर नाय टाकायचा. खाली कोन हाय ता आपल्याला काय म्हाईत?"

एका ठिकाणी मात्र ते तळ बघायचे, पण मासे धरू द्यायचे नाहीत. गळ टाकायला कुणी उठला तर हातानेच थांबवायचे. शिसं वर घ्यायचे, पांढरी वाळू बघायचे, ओंजळ धरून फातिहा पढायचे आणि पुढे निघायचे. आमच्यातल्या एकाला वाटायचं, हा चांगल्या मासळीसाठी काहीतरी मंत्र आहे!

मला खरं कळलं ते तिसऱ्या वर्षी. त्यांचा धाकटा भाऊ यासीन तिथे बुडाला होता. अठरा वर्षांपूर्वी शमालच्या, म्हणजे तिथल्या उत्तरेकडच्या वादळी वाऱ्यात बोट उलटली. दाऊदभाई वाचले, यासीन मिळालाच नाही.

हे त्यांनी सांगितलं तेव्हा त्यांची आई जाऊन महिना झाला होता. इकामा रिन्यूअलला अडकलेला, त्यामुळे त्यांना मातीलाही जाता आलं नव्हतं.

"आय जाताना फोनवर बोलली, माज्या यासीनला कोनी माती नाय दिली. मूठभर गावची माती तरी दे त्याला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी अठरा वर्सं नाय दिली सायब. माती दिली म्हंजे तो गेला, असा होतो ना."

मी त्या महिन्यात सुट्टीवर निघालो होतो. त्यांनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. एवढंच म्हणाले, की रत्नागिरीकडे जाणं झालं तर आमच्या किनाऱ्याची मूठभर वाळू आणा. "काळी हाय. बारीक, जड. चुंबक लावा, चिकटती. ल्हानपनी आमी तोच खेळ खेळायचो, मी नि यासीन."

मी तोंड भरून हो म्हटलं.

आणि गेलो नाही. नाशिकहून रत्नागिरी म्हणजे जाऊन-येऊन दोन-तीन दिवस. लग्नं होती, बँकेची कामं होती, मुलाचं अॅडमिशन होतं... सबबींना काय तोटा! निघायच्या आदल्या दिवशी आठवण झाली. घरासमोर बांधकाम चालू होतं, तिथल्या ढिगातली जरा काळपट वाळू चाळून पिशवीत भरली. बायको म्हणाली, "अहो, त्यांना कळेल." मी म्हटलं, वाळू ती वाळू, त्यात काय कळायचंय. ज्या माणसाला समुद्राच्या तळाची चिमूट बघून आपण कुठे आहोत ते कळायचं, त्याच्याबद्दल मी हे म्हणालो. लाज वाटते.

जुबैलला पिशवी दिली तेव्हा दाऊदभाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. उघडून चिमूट काढली, बोटांत चोळली. मग पिशवीची गाठ मारली आणि म्हणाले, "लय उपकार झाले, सायब. लांबून आनलीत."

त्या शनिवारी ती वाळू त्यांनी पाण्यात टाकली नाही. पुढच्याही नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "टाकू ना सायब, घाय काय?"

मग तो नियम आला. प्रत्येक बोटीवर सौदी माणूस हवाच. आमची बोट लहान, मालकाने दाऊदभाईंच्या जागी आपला पुतण्या फहाद बोटीवर घेतला. मालक वाईट नव्हता, दाऊदभाईंच्या गळ्यात पडून रडला म्हणे. पण इकामा पुढे वाढला नाही, फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं मायदेशी जायचा शिक्का, लागला. अठ्ठावीस वर्षं, आणि खलास.

दाऊदभाई निघायच्या आधी मी त्यांच्या खोलीवर गेलो. त्यांनी ते शिसं माझ्या हातात ठेवलं. "आता मी परत येनार नाय. यासीन एकटा पडंल. अदनंमदनं त्या जाग्यावर थांबत जा. बस." तेव्हा सांगायला हवं होतं की ती वाळू तुमच्या गावची नाही. जीभ रेटली नाही. खरं सांगतो, मी भ्यालो.

त्यानंतर सात-आठ महिने मी बोटीवर गेलोच नाही. प्लँटचं शटडाऊन होतं हे खरं, पण शटडाऊन काही आठ महिने चालत नाही. शेवटी एका शनिवारी शिसं पिशवीत घालून निघालो. निदान हा शब्द तरी पाळू म्हटलं. बाकीचे ऐनवेळी आले नाहीत, त्यामुळे बोटीवर मी आणि फहाद दोघेच. फहाद पंचविशीतला, शांत, जीपीएसवर चालणारा. मी त्याला मोडक्या अरबीत किनाऱ्यावरच्या खुणा सांगितल्या. तो हसला, पण बोट नेली. चिमण्या एकामागे एक लपल्या, टाकी मिनाराला टेकली. लख्ख ऊन, वारा अजिबात नाही, पाणी सपाट.

साबण भरला. शिसं सोडलं. तळाला टेकल्याचा तो हलका धक्का हाताला लागला. घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. फहाद दुपारच्या नमाजच्या आत परत जायचं म्हणत होता, म्हणून नेमकी वेळ बघितलेली आठवते.

वर काढलं तर साबण काळा होता.

माझ्या डोक्यात पहिल्यांदा तेल आलं. इथे डांबराचे गोळे मिळतात तळाशी. पण चिकट नव्हतं, वास नव्हता. सुटी वाळू होती — बारीक, चकाकणारी, बोटावर घेतली तर जड लागणारी. त्या जागेवर दाऊदभाईंच्या हाताखाली मी वीसेक वेळा तरी तळ बघितला होता. दरवेळी पांढराच.

फहाद वाकला. "एश हादा?" म्हणाला, हे काय. गळांच्या डबीच्या झाकणात गळ चिकटून राहावेत म्हणून चुंबकाची पट्टी असते. मी ती वाळूजवळ नेली. वाळूचे कण उभे राहिले आणि पट्टीला जाऊन चिकटले.

तुम्ही विचाराल, फोटो का नाही काढला? नाही सुचलं. मी रडत होतो. फहादला तुटक शब्दांत सांगितलं, की खाली एकाचा भाऊ आहे आणि ही त्याच्या गावची माती आहे. त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली आणि ओंजळ धरून पुटपुटला, "अल्लाह यरहमा." अल्लाह त्याच्यावर दया करो. मी साबण, झाकण, हात, सगळं पाण्यात धुतलं. एक कणही ठेवला नाही. ती माझी नव्हती.

संध्याकाळी दाऊदभाईंच्या नंबरवरून फोन आला. मी घाईघाईने उचलला — आज सगळं सांगून टाकायचंच ठरवलं होतं. पण पलीकडे त्यांची मुलगी होती, रुखसाना.

"अंकल, अब्बा गेले. काल रात्री झोपेतच. आज जोहरच्या नमाजनंतर दफन केलं."

मी विचारलं, माती किती वाजता दिली. कसला प्रश्न होता तो! पण तिने सांगितलं — दीड वाजून गेला होता, पाच-दहा मिनिटं वर. भारताचं घड्याळ सौदीच्या अडीच तास पुढे. माझ्या अकरा-पाचशी हिशोब तुम्हीच करा.

मग ती म्हणाली, "अंकल, एक पिशवी होती वाळूची. अब्बा तिकडून घेऊन आले होते. त्यांनी सांगून ठेवलं होतं, मला माती द्याल तेव्हा ही पण घाला. सायबांना यायला नाय जमनार, ही त्यांची मूठ."

मी म्हटलं, "बेटा, ती वाळू..."

"नाशिकची ना? अब्बांनी चिठ्ठी लावून ठेवली होती. 'नाशिकची, सायबांनी आणलेली.'"

बायको म्हणाली होती तेच खरं, त्यांना पहिल्याच चिमटीला कळलं होतं.

लोकांनी मला कारणं दिली. कुठल्या तरी जहाजाने बाहेरची वाळू टाकली असेल, जुन्या बोटीचा लोखंडी गंज असेल, माझं मन खात होतं म्हणून तसं दिसलं असेल. मग फहादला कसं दिसलं? मी स्वतः इंजिनिअर, याहून बरी कारणं मला सुचतात. एकही पटत नाही.

त्या जागेवर मी अजून जातो. फहाद आता न सांगताच इंजिन बंद करतो. मी साबण भरून शिसं सोडतो, वर काढतो, दरवेळी पांढरी वाळू येते. मग दाऊदभाईंना जे सांगायचं राहिलं ते मी तिथे मोठ्याने सांगतो, मराठीत, आणि फहाद तोंड दुसरीकडे करून बसतो.