सायबिणीची झाक

गोवा मुक्त होण्याच्या आधीची ही गोष्ट. मी मालवणात सोनारकाम करत होतो. तेव्हा बावीस वर्षांचा होतो. दुकान नुकतंच माझ्या एकट्याच्या हाती आलं होतं आणि एखादं काम येत नाही असं सांगायची मला लाज वाटे. पुढचं सगळं त्या लाजेतून झालं.

देवबागेची एक ख्रिस्ती विधवा तळहाताएवढी तसबीर घेऊन आली. तांब्याच्या पत्र्यावर मिन्याने काढलेली मेरी, तिच्या भाषेत सायबीण. निळा झगा, दुधासारखा चेहरा, डोक्यामागे सोन्याचे बारीक ठिपके. बाईचा नवरा बोटीवर नोकरीला होता. फ्रान्सच्या एका बंदरात जुन्या सामानाच्या दुकानातून त्याने ती आणली आणि पुढच्याच सफरीत तापाने गेला. रोज सकाळी ती सायबिणीच्या पायांना ओठ लावी. आता घरी लदीन होती, शेजारीपाजारी प्रार्थनेला जमणार होते, आणि पितळी चौकटीवर हिरवा कळंक चढला होता. तेवढा काढून दे, एवढंच तिचं मागणं.

चौकट खोलून वेगळी करायला हवी होती. पण मिना म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, आमच्या बाजूला ते काम कुणी करत नसे. घरात तांब्यापितळेला आगळ लावतात. कोकमाच्या त्या आंबट-खारट रसाने भांडं लखलखतं. मी अख्खी तसबीर आगळात बुडवली आणि जेवायला गेलो. जेवून जरा आडवाही झालो.

परत येऊन पाहतो तर चौकट नव्यासारखी, आणि सायबिणीवरची झाक गेलेली. निळ्यावर राखेसारखा थर आला होता. पुसून जाईना. तेल लावलं तर तेवढ्यापुरता लपे. सायबिणीचे पाय तर पार खरखरीत झाले होते.

बाई आली. तिने सायबिणीच्या पायांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, ह्या काय झाला?

"जुनो रंग तो, मांय," मी म्हटलं. "रोज तोंड लागता, मेणबत्तीचो धूर बसता. उतारलो."

तिने हात आपल्या तोंडावर नेला.

पुढे देवबागेच्या लोकांकडून कळलं, की तिने तसबीर हात पोचणार नाही इतकी उंच टांगली आणि पाद्र्यापुढे जाऊन आपल्या हातून सायबीण बिघडल्याची कबुली दिली. पाप माझं, कबुली तिची. हे ऐकूनही मी गेलो नाही.

चार वर्षांनी मुंबईत एका कारखान्यात बिल्ल्यांवर मिना चढवताना पाहिला. कारागीर रंगीत काच खलात कुटून पिठासारखी करत होता, पाण्याने धूत होता, आणि ती ओली पूड पिसाच्या टोकाने तांब्यावर पसरत होता. सुकली की लालभडक भट्टीत दोन-तीन मिनिटं. काच वितळून आरशासारखी होई. प्रत्येक रंगाला पुन्हा भट्टी. पाठीलाही मिना लावायचा, नाहीतर निवताना पत्रा वाकतो आणि काच तडकते. तोंडाने किंवा धुराने हे जातं का, मी विचारलं. तो हसला. पुसलं की झालं, म्हणाला. जपायचं ते आंबटापासून.

गावी आलो तो थेट देवबागेला गेलो. ती खळ्यात आमसुलं वाळत घालत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, आगळ, जेवण, खोटं बोलणं. तिने हात थांबवले.

"मगे माझ्या तोंडान नाय गेलो तो रंग?"

"नाय, मांय."

"चार वर्सां मिया तिका तोंड लावूक नाय," ती म्हणाली. "तू खंय होतंस रे?"

मुंबईच्या कारागिराकडून पुन्हा भाजून आणतो म्हटलं, पण जुनी काच भट्टीत फुटूही शकते हेही सांगितलं. या वेळी काही लपवलं नाही. ती म्हणाली, आगीत नको घालूस, आसा तशी ऱ्हवांदे.

मग तिने मला आत नेलं, स्टूल पुढे केलं. मी तसबीर उतरवली. ती भिंतीला लागून उभी राहिली आणि ओठांच्या उंचीवर बोट टेकवून म्हणाली, "खिळो हंय मार."

मी खिळा मारला, तसबीर त्यावर टांगली. बाहेर पडलो तेव्हा ती भिंतीशी तोंड करून उभी होती. मला निरोप द्यायला वळली नाही.