पाचशेची नोट आणि महादूची होडी

सुटे पैसे कितीही जपले तरी संपतात. किस्से मात्र न जपता साठत जातात. मी बँकेतून कारकून म्हणून निवृत्त झालो, तेव्हापासून आमच्या खाडीकाठच्या गावात नोटांबद्दल कुणालाही शंका आली की ती माझ्याकडे येते. नोटांवर सही मीच करायचो, असा लोकांचा समज असावा. पण मी तोंड उघडण्याआधी शेजारचे शेट्ये वकील उत्तर देतात. देत असत, म्हणायला हवं.

पलीकडे रत्नागिरी, अलीकडे आम्ही आणि मध्ये महादूची होडी. दुपारच्या वेळी पाणी इतकं निजलेलं असतं की होडी पुढे जातेय की काठ मागे सरकतोय, ते कळत नाही. अशा ठिकाणी कायदा जागा ठेवायचं काम वकिलांनी आपणहून पत्करलं होतं.

*

बाळूशेटच्या किराणा दुकानात एकदा पाटी लागली : 'पाचशेची नोट चालणार नाही.' वकील खडीसाखर घ्यायला गेले होते. पाटी वाचून खडीसाखर विसरले.

"बाळूशेट, सरकारी चलन आहे हे. नाकारता येत नाही."

"वकीलसाहेब, काडेपेटीला पाचशेचे सुटे देऊ कुठून?"

"माल विकायचा की नाही, ही तुझी मर्जी. पण एकदा देणं झालं आणि माणूस ते फेडायला आला, की नोट घ्यावीच लागते."

"म्हणजे उधारी असली तरच?"

"बरोबर."

दुसऱ्या दिवशी जुनी पाटी होती तशीच होती. तिच्याखाली नवी लागली होती : 'उधारी बंद. शेट्ये वकिलांच्या सल्ल्याने.'

पुढचे काही दिवस गावात वकिलांना कुणी नमस्कार केला नाही.

*

बायको गेल्यापासून वकील मासळी आणायला स्वतःच जात. एका सकाळी पारूबाय टोपली उतरवून नुकती बसते आहे, तोच हे पुढे झाले. दोन बांगडे मागितले आणि पाचशेची नोट धरली. ती नोट नाकारणार आणि आपण कायदा सांगणार, अशी सगळी तयारी होती.

पारूबायने नोट कपाळाला लावली, कमरेला खोचली आणि टोपलीतले बांगडे वकिलांच्या पिशवीत भरायला लागली.

"अगो, दोनच हवेत मला."

"भवानीची नोट हाय, वकीलानू. ती परत करीत नाय, नि भवानीला सुटेव देत नाय. पिशवी नीट धरा."

पहिल्या विक्रीच्या या नियमावर त्यांच्या पुस्तकांत काहीच नव्हतं. त्या दुपारी आळीतल्या प्रत्येक घरात बांगड्याचं तिखलं शिजलं. वकील कुणाकडे जेवले, असं नंतर कुणीतरी विचारलं. सगळ्यांकडेच, थोडं थोडं.

*

होडीचे पैसे उतरताना द्यायचे, ही महादूची रीत. माणशी दहा रुपये. एकदा आरे-वारेचा किनारा बघून झालेले एक पाहुणे बायकोमुलांसह आमच्या बाजूला उतरले आणि त्यांनी पाचशे काढले.

"चालायची नाय," महादू म्हणाला.

वकील होडीतच होते. "महादू, माणसं उतरली. आता हे देणं झालं. नोट घ्यावी लागेल."

महादूने जरा विचार केला आणि नोट घेतली. "घेतली. सुटे नायत. बाकीच्याच्या फेऱ्या मारा."

पाहुणेही हट्टी. पैसे सोडायचे नाहीत म्हणून सगळं कुटुंब पुन्हा होडीत बसलं. पलीकडे गेलं, अलीकडे आलं, परत गेलं. हळूहळू मुलं मांडीवर झोपली. बाईंनी हात पाण्यात सोडला. बगळे एकेक करून कांदळवनात उतरले, खाडी तांबडी झाली, तरी पाहुणे बसलेलेच. शेवटी महादूनेच होडी काठाला लावली.

पाहुण्यांनी उतरता उतरता विचारलं, "सकाळी किती वाजता सुरू करता?"

महादूने मात्र त्या दिवसापासून धसका घेतला. मोठी नोट दिसली की त्याचं एकच उत्तर : "परतताना द्या." आणि माणसं परतताना देत. आमच्या बँकेची अर्धी वसुली अशी झाली असती, तर मला बढती मिळाली असती.

*

गेल्या महिन्यात वकिलांचा मुलगा त्यांना डोंबिवलीला न्यायला आला. इथल्या घराच्या विक्रीचा व्यवहार झाला होता. वकिलांनी आठवडाभर फिरून सगळ्यांची देणी मिटवली. पाटी असूनही बाळूशेटकडे राहिलेले खडीसाखरेचे पैसेसुद्धा. "कुणाचं देणं ठेवून जायचं नाही, नाना," मला म्हणाले. "माणूस मोकळा निघाला पाहिजे."

मुलाची गाडी पलीकडे उभी होती. सोबत म्हणून मीही होडीत बसलो. भरतीचं पाणी होतं, काठोकाठ. धक्क्याला बाकीचे उतरले आणि प्रत्येकाने दहाचं नाणं दिलं. महादूची पिशवी खुळखुळत होती.

वकिलांनी पाचशेची नोट पुढे केली. "सुटे नकोत, महादू. ठेव तुला."

महादू दोर बांधत होता. त्याने मान वर केली नाही.

"परतताना द्या, वकीलसायेब."

वकिलांनी कायदा सांगायला तोंड उघडलं. मी वाट बघत राहिलो. धक्क्यावरून मुलगा हाक मारत होता.

मग वकिलांनी नोटेची व्यवस्थित घडी केली, वरच्या खिशात ठेवली आणि ते धक्का चढायला लागले.