बुजलेली वेजं

गैबीसाबचं बोट दगडाला लागलं की दगड कुठनं फुटणार ते त्याला आधी कळतं, असं सोलापूरच्या भवानी पेठेतले लोक म्हणायचे. तसलं काही नव्हतं. फुटायचे ते फुटायचेच. फुटलेले तो गपचीप मागच्या गटारीत टाकायचा, म्हणून कुणाला दिसत नव्हते, एवढंच.

मूळचा उजनीच्या काठचा गडी. तरणा असताना सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यावर आला, मागांना तेल घालत निम्मा जन्म गेला. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं त्याच्या जिवावर आलं. अकबरीचं, म्हंजे त्याच्या बायकोचं, माहेर धरणाच्या पाण्याला लागून. उन्हाळ्यात पाणी हटलं की तिथं गोट्यांचा उघडा पट्टा दिसतो, त्यात अकीक नावाचा दगड सापडतो. वरनं बटाट्यासारखा मळका, आतनं मधासारखा. मेव्हण्यानं एकदा पोतंभर पाठवून दिलं, आणि गैबीसाब दगडाच्या नादाला लागला तो लागलाच. तसबीचे, म्हंजे जपमाळेचे, मणी करायचे, गळ्यातल्या माळांचे करायचे.

काम लई किचकट. हातात मावेल एवढी फिरती मोटर, तिच्या तोंडाला हिऱ्याची भुकटी बसवलेली बारीक सळई. परातीत बोटभर पाणी घ्यायचं, दगड पाण्यात धरायचा, म्हंजे धूळ छातीत जात नाही आणि सळई तापत नाही. आधी कडा मारून गोलाई आणायची, मग वेज पाडायचं. मण्याचं भोक म्हणजे वेज. ते एका अंगानं आरपार न्यायचं नसतं. नेलं तर पलीकडनं खपली उडते. निम्म्यात थांबायचं, दगड उलटा करायचा, दुसऱ्या अंगानं शिरायचं. आत दोन्ही वाटा एकमेकीला भेटल्या की मोटरीचा आवाज हलका होतो. आणि हे सगळं ड्रमात घालायच्या आधी. कारण एकदा चकाकी चढली की सळई दगडावर ठरतच नाही, काचेवरच्या माशीवाणी घसरते. मग कुरुंदाची वाळू, पाणी आणि दगड रबरी ड्रमात घालून तो ड्रम रात्रंदिवस फिरत ठेवायचा.

वेज पडलं की गैबीसाबच्या लेखी काम संपलं. दगडाची चाळण तो अकबरीपुढं सरकवायचा आणि नमाजला, तिथनं चहाला जायचा. ड्रम भरणं, उपसणं, धुणं हे घरातलं काम, भांड्यांसारखं. त्यात बघण्यासारखं काय असतं, असं त्याला वाटायचं.

थंडीत अकबरी गेली. छातीत कळ आल्यासारखं वाटतंय म्हणाली, गॅस बंद केला, आडवी झाली, ती उठली नाही.

पोरगा मोईन पुण्याकडं, चाकणला गॅरेजात. आईच्या चाळिसाव्या दिवसाला आला तेव्हा त्यानं विषय काढला. अब्बानं आता एकट्यानं राहू नये, दगडाची धूळ खाऊ नये, सामान विकून टाकावं आणि आपल्याकडं यावं. गैबीसाब आधी तडकला. पण पोरगा चुकीचं बोलत नव्हता, आणि सून शगुफ्ताही आग्रहानं बोलली. तेव्हा त्यानं तोड काढली. एक ड्रम लावतो म्हणाला. पहिल्यासारखा निघाला तर मी हितं, नाही निघाला तर तुझ्या दारात. मोईन हसला. पहिल्यासारखाच निघणार, तुमचा हात काय आजचा हाय, असं म्हणून गाडीत बसला.

गैबीसाबनं दगड घासले, वेजं पाडली. हात बरोबर चालत होता. चाळण भरली तेव्हा सवयीनं ती समोर सरकवली, आणि मग स्वतःच उठून ड्रमात ओतली.

ड्रम फिरत राहिला. त्या आवाजाचीच घरात सोबत. दुपारी वीज गेली की घर एवढं गप्प व्हायचं, की तो चप्पल घालून बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, वाट बघतोय. कुणाची, हे कुणी विचारलं नाही. वीज आली की माघारी येऊन ड्रमाशेजारी बसून भाकरी खायचा. कधी कधी दिवसभरात तोंडातनं शब्द निघायचा नाही, आणि संध्याकाळी दूधवाल्याशी बोलताना घसा धरायचा.

ड्रम उघडला तर दगड नुसते चमकत होते. असली चकाकी त्याला स्वतःलाही आठवत नव्हती. खूश होऊन त्यानं दोरा घेतला. दोरा जाईना. दुसरा मणी घेतला, तिसरा घेतला. चाळणीतल्या एकाही मण्यात दोरा जाईना. वाळूचा गाळ वेजात बसून सिमेंटसारखा धरला होता. एकाला परत मोटर लावली, तर सळई घसरून चकाकीवर ओरखडा उठला.

तो चाळण घेऊन तसाच बाहेर आला. समोरच्या पायरीवर बसव्वा तांदूळ निवडत होती. अक्कलकोटकडची बाई, घरात कानडी, अकबरीची जुनी मैत्रीण. तिनं एक मणी उजेडाला धरला.

"अय्य, मेण न्हाई भरलं व्हय?"

"कसलं मेण?"

हा थट्टा करतोय का काय, म्हणून बसव्वानं त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"अकबरी रोज दुपारी हितंच बसून भरायची की. मांडीवर चाळण, बोटाला मेण. वेजात दाबायची, वरनं अंगठा फिरवायची. म्हंजे वाळू आत जात न्हाई. मागनं गरम पाण्यात टाकलं की मेण सुटतंय. मी बी लई भरलेत तिच्यासंगं. माझ्या हातचं तुमी दुकानात नेऊन ईकलंय, गैबीभाऊ."

"मला कदी बोलली न्हाई."

"तिला वाटायचं तुमास्नी म्हाईत हाय. आन तुमी तरी कदी इचारलं?"

गैबीसाबनं हातातल्या चाळणीकडं बघितलं. मणी धुण्याच्या बादलीत पाण्यावर तेलकट तवंग दिसायचा, ते त्याला आठवलं. साबण नीट काढत नाहीस म्हणून तो अकबरीवर खेकसला होता, एकदा नव्हे, कैकदा. ती बादली उचलून मोरीत नेऊन ओतायची.

घरात येऊन त्यानं मोईनला फोन लावला. ड्रम बिघडला म्हणून सरळ सांगितलं, मेणाचंही सांगितलं. मोईन म्हणाला, ठरल्याप्रमाणे टेम्पो घेऊन येतो.

"ठरलं तेच चुकलं बाबा," गैबीसाब म्हणाला. "पहिल्यासारखा म्हनालो, पर पहिले ड्रम माझे एकट्याचे कुटं हुते? ह्यो बी अर्धवटच लावला. आता लावीन त्यो माझा पैला."

मोईननं लावा म्हटलं, पण आवाजात जोर नव्हता.

त्यानं नवे दगड घासले, वेजं पाडली, मेण आणलं. बसव्वानं एक मणी भरून दाखवला आणि माझे डोळे गेले आता, म्हणून तांदळाकडं वळली. गैबीसाबचा अंगठा दगड धरून धरून खरबरीत झालेला. मेण वेजात बसायच्या ऐवजी अंगठ्यालाच चिकटून वर यायचं. जास्त दाबलं की मणी सटकून बोळात. गुडघ्यावर रांगत जाऊन तो हुडकून काढायचा, पुसायचा, परत भरायचा. नमाज सोडली तर दुपारभर तो पायरीवर असायचा. चहाला जाणं सुटलं.

ड्रम निघाला. गरम पाण्यात टाकल्यावर तवंग वर आला. त्यानं एकेक मणी दोऱ्यावर घेऊन बघितला. काहींत दोरा सुर्रकन गेला, काही तसेच बुजलेले, मुके. मुके मणी त्यानं गटारीत टाकले नाहीत. डब्यात घालून पलंगाखाली सारले.

संध्याकाळी मोईनचा फोन आला.

"निम्मं जमलं," गैबीसाब म्हणाला.

"निम्म्यावर काय ठरवायचं, अब्बा?"

"निम्म्यावर मी हितं."

फोन ठेवून त्यानं बादली उचलली आणि तवंगाचं पाणी मोरीत ओतलं.